एकवीस, वीस एक आणि ट्वेंटी वन

सोलापूरच्या एका प्राथमिक शाळेतील दुसरीचा वर्ग. बाई संख्या सांगत आहेत आणि मुले पाटीवर लिहीत आहेत. बाई म्हणतात, "पासष्ट". बहुतेक पाट्यांवर ६५ उमटते. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या पाटीवर मात्र ५६ आहे. बाई पाटी पाहतात, मान हलवतात आणि पुढे जातात. "हिचं गणित कच्चं आहे," असे त्या आम्हाला नंतर सांगतात.

आम्ही त्या वर्गात मागच्या भिंतीशी बसलो होतो. मधल्या सुट्टीत त्या मुलीशी बोललो. घरी तेलुगू. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. विड्या मोजायला मुलगी आईला मदत करते. "घरी पासष्ट कसं म्हणतात?" तिला मराठी 'पासष्ट' नीट आठवेना, म्हणून आम्ही तेवढे खडे मांडून विचारले. तिने खड्यांचे दहा-दहाचे ढीग केले आणि म्हणाली, "अरवै ऐदु." अरवै म्हणजे साठ, ऐदु म्हणजे पाच. आता लिही म्हटल्यावर तिने ६५ असे न अडखळता लिहिले.

या मुलीचे गणित कच्चे होते का? दशक म्हणजे काय, एकक म्हणजे काय, हे तिला कळत होते. तिच्या घरच्या भाषेत आधी दशक येते आणि मग एकक, म्हणजे ज्या क्रमाने आपण अंक लिहितो त्याच क्रमाने. मराठीत 'पासष्ट' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि साठ नंतर. तिने ऐकले तसे लिहिले. तिची चूक भाषेतली होती, पण शेरा मात्र गणिताचा पडला. असे शेरे वर्षानुवर्षे पडत राहिले की मूल स्वतःही ते खरे मानू लागते. या लेखाचा विषय हाच आहे.

एक वाद आणि त्यातून सुटलेले मूल

वाचकांना २०१९ सालचा जून महिना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात २१ ते ९९ या संख्यांचे वाचन 'वीस एक', 'वीस दोन', 'साठ पाच' अशा पद्धतीने दिले होते. रूढ नावेही सोबत होती. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर (त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले) यांनी या बदलामागची भूमिका मांडली. रूढ संख्यानामांत जोडाक्षरे फार आहेत, बोलण्याचा क्रम व लिहिण्याचा क्रम उलटा आहे, त्यामुळे लहान मुले गोंधळतात आणि गणिताला भितात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर राज्यभर वादळ उठले. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, विधानसभेत विनोद झाले, आडनावांची फोड करून हशा पिकला. काही दिवसांनी वाद शमला आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

त्या वादाकडे आज शांतपणे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मराठी भाषेचे काय होईल, परंपरेचे काय होईल, याची चर्चा भरपूर झाली. हे पुस्तक कोणती मुले वाचणार आहेत, याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक सुमारे ६९ टक्के आहेत. उरलेल्यांपैकी काही मुले आपापल्या भाषेच्या माध्यमाच्या शाळांत जातात हे खरे. पण मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल, नंदुरबारमधले भिली बोलणारे मूल बहुधा मराठी शाळेतच बसते. सोलापूरचे तेलुगू किंवा कन्नड बोलणारे मूल, मुंबईच्या वस्तीतले भोजपुरी बोलणारे मूल यांतलेही कित्येक जण तिथेच असतात. अहिराणी, वारली, मालवणी बोलणाऱ्या मुलांनाही पुस्तकातली मराठी ही घरची भाषा नव्हे. ही मुले त्या वादात कुठेच नव्हती.

"आम्ही सगळे असेच शिकलो"

विरोधकांचा सर्वांत आवडता युक्तिवाद हा होता की, आजवर पिढ्यान्‌पिढ्या 'एकवीस, बावीस' म्हणत शिकल्या, त्यांचे काय बिघडले? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्यातले 'आम्ही' कोण, हे पाहिले पाहिजे. वृत्तपत्राला पत्र लिहिणारा माणूस हा शाळेत टिकलेला माणूस असतो. गणिताला घाबरून चौथीत शाळा सोडलेला माणूस असे पत्र लिहीत नाही. जे पैलतीराला पोहोचले त्यांनाच विचारून नदी खोल नाही असे ठरवण्यासारखे हे आहे.

शिवाय मराठी घरातले मूल शाळेत येते तेव्हा 'बावीस', 'पन्नास' हे शब्द त्याच्या कानांवरून शेकडो वेळा गेलेले असतात. आजोबा पैसे मोजतात, आई पोळ्या मोजते, कंडक्टर तिकिटाचे पैसे सांगतो. त्याच्यासाठी ही नावे नुसती पाठ नसतात, ती ओळखीची असतात. घरी दुसरी भाषा असलेल्या मुलाला हीच नावे वर्गात प्रथम भेटतात, आणि त्यातली रचना त्याला स्वतःच शोधावी लागते.

आणि ती रचना सोपी नाही. आपण मराठी भाषक असल्यामुळे ती अवघड आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. एक प्रयोग करून पाहा. २२, ३२, ४२, ५२, ६२, ७२, ८२, ९२ या संख्या मोठ्याने म्हणा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. आठही संख्यांत एककस्थानी दोन आहे, पण एकाही नावात 'दोन' हा शब्द नाही. कुठे 'बा', कुठे 'ब', कुठे 'बे', कुठे 'ब्या'. दशकाची नावेही तशीच रूपे बदलतात. पन्नासचे कुठे 'वन्न' होते, कुठे 'पन्न'. सत्तरचे 'हात्तर' होते. १९, २९, ३९ यांना आपण 'एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस' म्हणतो, म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी. हा नियम ८९ पर्यंत नीट चालतो, आणि ९९ ला मात्र 'एकोणशंभर' न होता 'नव्व्याण्णव' होते. म्हणजे शंभरपर्यंतची नावे नियमांनी तयार करता येत नाहीत, बहुतांशी एकेक करून पाठच करावी लागतात.

तेलुगू, कन्नड, तमिळ, मलयाळम या आपल्या शेजारच्या भाषांत असे नाही. कन्नडमध्ये वीस म्हणजे 'इप्पत्तु', एक म्हणजे 'ओंदु', आणि एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु'. दहापर्यंतची नावे आणि दशकांची नावे कळली की उरलेली संख्यानामे मूल बहुतेक स्वतःच तयार करू शकते. जी रचना कोट्यवधी लोक रोज बोलतात ती हास्यास्पद कशी ठरते, हे आम्हाला २०१९ मध्येही कळले नाही आणि आजही कळत नाही.

संख्यानामे बदलणे हा काही महाराष्ट्रातच सुचलेला वेडेपणा नव्हे. नॉर्वेमध्ये पूर्वी एकवीसला 'एक आणि वीस' म्हणत. १९५१ साली तेथील संसदेच्या निर्णयाने 'वीस एक' ही पद्धत शाळेत व सरकारी कामात आली. त्यामागे टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हेही एक कारण होते. गंमत म्हणजे तिथे आजही कित्येक लोक बोलताना जुनी पद्धत वापरतात. वेल्समध्ये वेल्श भाषेची जुनी पद्धत विसावर आधारलेली आहे. तीत अठराला 'दोन नऊ' म्हणतात. शाळेत गणितासाठी मात्र 'एक दहा एक', 'एक दहा दोन' अशी सरळ दशमान पद्धत वापरतात, आणि जुनी नावे वय, तारीख, घड्याळ यांसाठी टिकून आहेत. वेल्श माध्यमातल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, दोन अंकी संख्या वाचणे व त्यांची तुलना करणे त्यांना थोडे सोपे जाते, पण एकूण अंकगणितात मोठा फरक पडत नाही. यातून दोन धडे मिळतात. दोन नावे एका भाषेत सुखाने नांदू शकतात, हा पहिला. नावे बदलली म्हणून गणिताचे सगळे प्रश्न सुटत नाहीत, हा दुसरा.

समर्थकांचेही थोडे चुकलेच

या दुसऱ्या धड्याकडे समर्थकांचे दुर्लक्ष झाले असे आम्हाला वाटते. जोडाक्षरांचा मुद्दा घ्या. तो वाचनाचा मुद्दा आहे, गणिताचा नव्हे. सहा-सात वर्षांचे मूल 'त्र्याण्णव' हा शब्द वाचण्याच्या आधी ऐकते आणि बोलते. गणिताच्या दृष्टीने खरा मुद्दा क्रमाचा आणि रचनेचा होता. पण जोडाक्षरांवर भर दिल्यामुळे "मग जोडाक्षरे मराठीतूनच काढून टाका" असे म्हणायला विरोधकांना आयती संधी मिळाली.

दुसरे असे की, 'वीस एक' हे नाव जर फळ्यावर लिहून पाठ करून घेतले, तर मुलाला एकाऐवजी दोन नावे पाठ करावी लागतात. काड्यांच्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी हातात असेल, तरच 'वीस एक' या शब्दाला अर्थ येतो. वस्तू, 'वीस एक', २१ आणि 'एकवीस' अशी ती साखळी आहे. 'वीस एक' हा तिच्यातला मधला दुवा आहे. पूल ओलांडून झाल्यावर पुलावरच घर बांधायचे नसते. 'एकवीस' हे नाव मुलाला यायलाच हवे, कारण बाजारात आणि एस.टी.त त्याला तेच ऐकायचे आहे. ही गोष्ट शिक्षकांपर्यंत आधी पोहोचायला हवी होती. आम्हाला भेटलेल्या कित्येक शिक्षकांना हा बदल वृत्तपत्रांतून कळला, आणि तोही चेष्टेच्या रूपात. बदल कितीही चांगला असला तरी ज्याने तो वर्गात न्यायचा त्यालाच तो शेवटी कळला, तर दुसरे काय होणार?

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गणिताची भाषा म्हणजे केवळ संख्यानामे नव्हेत. दुसरीच्या पुस्तकातली संख्यानामे सोपी केली, आणि पुढच्या इयत्तांतली शाब्दिक उदाहरणे, व्याख्या, सूचना तशाच अवघड ठेवल्या, तर मूल दुसरीत वाचेल आणि पाचवीत अडेल.

मग ट्वेंटी वन कसे चालते?

या सगळ्या वादातली सर्वांत मोठी विसंगती वेगळीच आहे. 'वीस एक' या नावाने ज्यांना धक्का बसला, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातली मुले 'ट्वेंटी वन' म्हणत होती. ट्वेंटी म्हणजे वीस, वन म्हणजे एक. रचना तीच, पण ती इंग्रजीत असल्यामुळे कोणालाही खटकली नाही.

मराठी माध्यमाच्या हजारो मुलांचे गणित आज सेमी इंग्रजीतून चालते. काही शाळांत आठवीपासून, काहींत पाचवीपासून, तर काहींत पहिलीपासूनच. 'वीस एक' वर जेवढा खल झाला त्याच्या शतांशानेही या बदलावर झाला नाही. वास्तविक हा बदल कितीतरी मोठा आहे. 'लसावि' म्हणून शिकलेली कल्पना एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर 'एलसीएम' होते. 'छेद' चा 'डिनॉमिनेटर' होतो. शब्द बदलतात ते बदलतात, वाक्याची घडणही बदलते. मराठीत आपण म्हणतो, "१५ मधून ८ वजा करा." आधी १५, मग ८, जसे म्हणतो तसे लिहितो, १५ – ८. इंग्रजीत तेच "सबट्रॅक्ट एट फ्रॉम फिफ्टीन" असे होते, आणि ८ आधी ऐकू येतो. मूल ८ – १५ असे लिहिते. सोलापूरच्या त्या मुलीने केलेली चूकच पुन्हा नव्या वेशात येते. 'व्हॉल्यूम' म्हणजे टी.व्ही.चा आवाज एवढेच माहीत असलेल्या मुलाला पेटीचा व्हॉल्यूम काढायला सांगितला तर त्याने काय करावे?

घरी कोरकू, शाळेत मराठी आणि गणितात इंग्रजी, अशा मुलाच्या डोक्यावर तर तीन मजली ओझे असते. त्याचा पहिला मजला शाळेने कधी पाहिलेलाच नसतो.

गणिताची स्वतःची बोली

भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९७४ साली नैरोबी येथे युनेस्कोच्या परिसंवादात एक उपयुक्त कल्पना मांडली. प्रत्येक भाषेत गणितासाठी वापरायची अशी एक खास धाटणी असते. तीत नेहमीचे शब्द वेगळ्या अर्थाने येतात आणि वाक्यरचनाही वेगळी असते. मराठीचेच पाहा. 'मूळ', 'पद', 'घन', 'बाजू', 'पाया', 'गुण' हे सगळे घरगुती शब्द, पण गणितात त्यांचे अर्थ निराळे. 'घात' म्हटल्यावर घरी कोणाचा तरी नाश होतो, वर्गात मात्र संख्येचा वर्ग किंवा घन होतो! म्हणजे मराठी मातृभाषा असलेल्या मुलालाही गणिताची मराठी शिकावीच लागते. फरक एवढाच की त्याच्या पायाखाली जमीन असते. गप्पा मारण्याइतकी भाषा आली म्हणजे शिकण्याइतकी भाषा आली असे होत नाही. "हा तर मराठी छान बोलतो, मग उदाहरण का कळत नाही?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

एक उदाहरण घेऊ : "एका व्यापाऱ्याने ४५ रुपये प्रतिकिलो दराने खरेदी केलेला ६० किलो तांदूळ विकल्यावर त्यास ३०० रुपये नफा झाला, तर त्याने तांदूळ प्रतिकिलो किती दराने विकला?"

आता हेच असे लिहू : "एका व्यापाऱ्याने ६० किलो तांदूळ विकत घेतला. एका किलोला ४५ रुपये पडले. त्याने सगळा तांदूळ विकला. त्याला ३०० रुपये नफा झाला. त्याने एक किलो तांदूळ कितीला विकला?"

गणित तेच राहिले, पायऱ्या त्याच, उत्तरही ५० रुपये हेच. पण पहिल्या रूपात मुलाला आधी 'खरेदी केलेला', 'विकल्यावर', 'त्यास', 'तर' यांची गाठ सोडवावी लागते. ज्याची ती सुटत नाही तो गणितापर्यंत पोहोचतच नाही. आपण मात्र त्याच्या कोऱ्या कागदावर गणिताचे शून्य देतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी १९८०च्या दशकातच पाठ्यपुस्तकांच्या बोजड भाषेकडे लक्ष वेधले होते. वंचित समाजातील मुलांबरोबर केलेल्या कामातून, विज्ञान शिकण्यातला मोठा अडथळा भाषेचा असतो, असे ते सांगत असत. गणिताबद्दलही वेगळे काय सांगणार?

भाषा सोपी करणे म्हणजे गणित पातळ करणे, असा एक आक्षेप येतो. तो खरा नाही. "मीनाकडे १२ बोरे आहेत. तिच्याकडे सलमापेक्षा ५ बोरे जास्त आहेत. सलमाकडे किती बोरे आहेत?" यातला एकही शब्द अवघड नाही. तरीही अनेक मुले 'जास्त' हा शब्द पाहून बेरीज करतात आणि १७ उत्तर देतात. इथे विचाराची अडचण आहे, आणि ती राहिलीच पाहिजे. तीच तर शिकवायची आहे. काढून टाकायची ती विनाकारण घातलेली अडचण.

घरच्या भाषेतले भांडवल

ब्राझीलमधील रेसिफे शहरात १९८०च्या दशकात तेरेझिन्हा नुनेस व सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. मुले पाचच होती, पण निष्कर्ष डोळे उघडणारा होता. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर सांगितले. तीच आकडेमोड शाळेसारखी कागदावर मांडून दिली तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली.

आपल्या आठवडी बाजारात हे चित्र रोज दिसते. छत्तीस रुपये किलोची अडीच किलो वांगी, किती झाले? भाजीवालीचा मुलगा "दोन किलोचे बहात्तर, अर्ध्याचे अठरा, नव्वद" असे क्षणात सांगतो. त्यालाच २.५ × ३६ हे उदाहरण घातले तर तो दशांशचिन्ह कुठे द्यायचे या चिंतेत पडतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठीची केवढी मोठी शिदोरी आहे! एके काळी आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीचे पाढे असत. घोकंपट्टी म्हणून आपण ते सोडले हे ठीकच झाले, पण त्यांच्याबरोबर अपूर्णांकाला घरचे नाव देण्याची सवयही सुटली. दुसऱ्या भाषांकडेही अशी शिदोरी असते. तेलुगू मुलीकडे सरळ संख्यानामे होती. वर्गाला त्याचा पत्ता नव्हता.

पालकांचे चुकते का?

इथवर वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे गणित मातृभाषेतूनच, सेमी इंग्रजी बंद." प्रश्न इतका सोपा नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण असावे हे तत्त्व जुनेच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी, असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. ते १९५६ साली घातले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असे म्हटले आहे. पण यंत्रमागावरचा बाप सेमी इंग्रजीचा आग्रह धरतो तेव्हा तो मूर्ख नसतो. पुढचे शिक्षण आणि नोकरी इंग्रजीत आहे हे त्याने पाहिलेले असते. आपली मुले इंग्रजी शाळेत घालून त्याच्या मुलाला मातृभाषेचे महत्त्व सांगणे, ही समता नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत हा पेच फार तीव्रपणे पुढे आला. तिथल्या १९९६ च्या राज्यघटनेने अकरा भाषांना राजमान्यता दिली, तरी पालक व मुले गणितासाठी इंग्रजीच मागत राहिले. जिल ॲडलर यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिथल्या गणित शिक्षकांची कोंडी मांडली आहे. मुलांची भाषा वापरली तर गणित कळते, पण इंग्रजीची सवय राहून जाते. इंग्रजीच वापरली तर सवय होते, पण गणित हरवते. या कोंडीला एकच एक उत्तर नाही. शिक्षकाने ती ओळखून रोज तोल सांभाळायचा असतो, असा या अभ्यासाचा सूर आहे. पापुआ न्यू गिनीत फिलिप क्लार्कसन यांना असे आढळले की, ज्या मुलांच्या दोन्ही भाषा पक्क्या असतात ती गणितात मागे पडत नाहीत, उलट पुढे असतात. तेव्हा अनेक भाषा असणे हा अडथळा नाही. एक भाषा उखडून तिथे दुसरी अर्धवट रुजवणे हा अडथळा आहे.

उद्या वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तके आणि धोरणे आपल्या हातात नसतात, पण वर्ग असतो. मुलाचे उदाहरण चुकले की, ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ साली सुचवलेले पाच प्रश्न विचारावेत. (१) उदाहरण मला वाचून दाखव. (२) यात काय विचारलं आहे, तुझ्या शब्दांत सांग. (३) ते कसं काढशील? (४) काढून दाखव, बोलत बोलत. (५) आता उत्तर लिही. मूल कोणत्या पायरीवर अडले हे पाच मिनिटांत कळते. न्यूमन यांना दिसले की, गणितात मागे पडलेल्या सहावीच्या मुलांच्या जवळजवळ निम्म्या चुका आकडेमोडीला हात घालण्याआधीच, म्हणजे पहिल्या तीन पायऱ्यांवर होतात. अशा मुलाला आणखी पन्नास बेरजा घालून काय उपयोग? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने घरच्या भाषेत दिले तरी चालेल. आपल्याला ती भाषा येत नसेल तर त्याच्या शेजारच्या मुलाला येत असते.

आणखी एक उपक्रम सहज करता येतो. वर्गातल्या सर्व मुलांकडून १ ते १०, मग २१, ३५, ६५ ही संख्यानामे त्यांच्या घरच्या भाषेत मिळवावीत आणि एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावीत. दशक आधी कोण म्हणतो, एकक आधी कोण म्हणतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. स्थानिक किमतीचा यापेक्षा चांगला पाठ आम्हाला माहीत नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात चर्चा मराठीत किंवा घरच्या भाषेत होऊ द्यावी, लिहिणे हळूहळू इंग्रजीत न्यावे, आणि 'फ्रॉम', 'बाय', 'इन्टू' असे छोटे पण फसवे शब्द वेगळे शिकवावेत. चाचणी काढताना प्रत्येक शाब्दिक उदाहरण एकदा मोठ्याने वाचून पाहावे. आपली जीभ जिथे अडखळेल तिथे मुलाचे गणित अडणार हे नक्की.

त्या सोलापूरच्या शाळेत आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. बाईंनी तो कागद भिंतीवर लावला होता. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असे चार रकाने होते. पासष्टच्या ओळीत तेलुगू रकान्यात 'अरवै ऐदु' हे अक्षर त्या मुलीचे होते, असे बाईंनी सांगितले. ती अजूनही कधीकधी ५६ आणि ६५ यांत गोंधळते. पण आता ती थांबते, भिंतीकडे पाहते आणि स्वतःच पाटी पुसते. "हिचं गणित कच्चं आहे," असे बाई आता म्हणत नाहीत.

आपल्या वर्गात किती भाषा आहेत? हजेरीपटात त्यासाठी रकाना नसतो. आपणच एक आखून पाहावा, आणि काय दिसले ते आम्हाला जरूर कळवावे.